यंत्र लावलंच नाही!

हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून वाढलेल्या मारुंजीत मान धरलेल्यांची वानवा नाही. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकायचे, संध्याकाळी हेल्मेट चढवून खड्ड्यांतून दुचाकी काढायची, रात्री उशीला टेकून मोबाइल. दुखणे तीन महिने हटले नाही की एक्स-रे निघतो, ‘मणक्यातली गॅप कमी झालीय’ असे कळते आणि दहा सिटिंगचे पॅकेज ठरते. शेक, आयएफटी (विजेच्या सौम्य लहरी), अल्ट्रासाउंड, वर ट्रॅक्शन (यंत्राने मान ताणणे). (मान न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांच्या एक्स-रेतही झीज सर्रास दिसते, हे मात्र कळत नाही.)

या उपचारांची तपासणी झालेली आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ मधल्या आढाव्यात ट्रॅक्शनच्या बाजूने किंवा विरोधात ठामपणे बोलावे एवढा पुरावाच मिळाला नाही. विजेच्या यंत्रांबाबतचा २०१३ मधला आढावाही पुरावा फार कच्चा असल्याचेच सांगतो. हाताने सांधे मोकळे केले की काही काळ उतार पडतो, सोबत व्यायाम असेल तर जास्त. खरा फरक दिसला तो फिनलंडमध्ये. जुनाट मानदुखी असलेल्या, ऑफिसात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवरचा हा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेचे स्नायू बळकट करणारा व्यायाम वर्षभर केलेल्यांपैकी ७३ टक्के स्त्रियांना बराच किंवा पूर्ण आराम पडला. ज्यांना फक्त स्नायू ताणायला आणि चालण्या-पळण्यासारखा व्यायाम करायला सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते.

मग पॅकेज यंत्राचेच का खपते? सगळा दोष फिजिओथेरपिस्टच्या माथी मारणे सोपे आहे. पण व्यायाम शिकवून तीन भेटींत घरी पाठवणाऱ्याबद्दल बाहेर आलेला पेशंट काय म्हणतो? ‘काहीच केलं नाही हो, यंत्र लावलंच नाही!’ शेक घेताना पडून राहता येते, व्यायामाला रोज उठावे लागते. कोणता स्नायू दुबळा आहे, ताण किती द्यायचा आणि कधी वाढवायचा, हे ओळखणे ही फिजिओथेरपिस्टची खरी विद्या. फी तिची द्यावी, शेकाच्या दिव्याची आणि वायरींची नव्हे. सलूनमध्ये चंपीनंतर कडकन मान मोडून देतात, त्याला तर उपचार म्हणूच नये. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, क्वचित का होईना. आणि हाताची पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल किंवा मानदुखीबरोबर ताप असेल, तर व्यायामही थांबवून आधी डॉक्टर गाठावा.

डेन्मार्कमध्ये २०११ साली मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांवर फिनलंडमधल्याहून सोपा प्रयोग झाला. रबरी नळी ताणून खांद्यांचा व्यायाम, आठवड्यातले पाच दिवस, काहींना रोज बारा मिनिटे, काहींना फक्त दोन. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते, दोन मिनिटवाल्यांचेही. हिंजवडीतल्या कंपन्या योगदिनाला चटया अंथरतात, फोटो काढतात. त्यापेक्षा सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या हाती एकेक नळी द्यावी. तेव्हा सगळे उभे असतातच.