बापाचा वाटा

आज १७ सप्टेंबर. १९४८ साली निजामी राजवटीतून सुटलेला मराठवाडा आज छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात झेंडा लावून आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देईल. याच तारखेला, १९७७ साली, यशवंत आंबेडकर गेले. डॉ. बाबासाहेबांचे चिरंजीव, सर्वांचे भैयासाहेब. मुक्तिदिनाच्या भाषणांत हे नाव सहसा येत नाही. नागसेनवनाच्या या शहराने मात्र ते घ्यायला हवे.

मराठवाडा मुक्त झाल्यावर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय काढले. तेच पुढे नागसेनवनात ‘मिलिंद’ म्हणून नावारूपाला आले. गावकुसाबाहेरची पोरे वळकटी घेऊन इथे आली, शिकली, मास्तर झाली, वकील झाली, साहेब झाली. ती सगळी बाबासाहेबांना बाप म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण पोटच्या पोराच्या वाट्याला हा बाप किती आला?

यशवंतांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. ते सात महिन्यांचे असताना वडील न्यूयॉर्कला गेले, ते १९१७ मध्ये परतले. १९२० मध्ये लंडनला गेले, ते १९२३ मध्ये आले. म्हणजे पहिल्या साडेदहा वर्षांतली जवळपास सात वर्षे वडील परदेशी. परतले तेही घरासाठी नव्हे; पुढे महाड-नाशिकचे सत्याग्रह होते, गोलमेज परिषद होती. दरम्यान चार भावंडे बालपणीच गेली आणि १९३५ मध्ये आई रमाईही गेल्या. उरले एकटे यशवंत.

अशा घरांत लेकराचा रोष बापावर निघू शकतो. हरिलाल गांधींना विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचे होते. गांधीजींनी ती संधी दुसऱ्याला दिली आणि बापलेकांतली दरी पुढे बुजली नाही. भैयासाहेबांच्या मनात काय सलत होते, हे कुणी सांगावे? त्यांनी काम मात्र वडिलांचेच उचलले. छापखाना सांभाळला, बाबासाहेबांच्या पश्चात भारतीय बौद्ध महासभेची धुरा घेतली. दादरच्या समुद्रकाठी, वडिलांना अग्नी दिला त्या जागी, चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला तो त्यांच्याच खटपटीने. १९७१ मध्ये तो पूर्ण झाला.

आज ‘साहेबांचा मुलगा’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात तिकीट, गाड्यांचा ताफा आणि चौकाचौकातले फलक. घराणेशाहीवरची टीका रास्तच आहे. पण नेता सगळ्यांचा होतो तेव्हा कुणाच्या तरी घरातून तो वजा झालेला असतो, हेही ध्यानात असू द्यावे. त्या वजाबाकीवर आपल्या पिढ्या शिकल्या.

येत्या ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, इथूनही माणसे मुंबईची गाडी धरतील. चैत्यभूमीच्या रांगेत प्रत्येक जण आपल्या बापाला भेटायला उभा असेल. ती भेट घडावी म्हणून जागा बांधून ठेवली, ती ज्याला बाप सर्वांत कमी भेटला त्या लेकाने.