बिजागरी कोणी मोडली?

महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर असताना लॅपटॉपच्या बिजागरीसारख्या क्षुल्लक वस्तूवर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा का खर्चावी, असे काही साथींना वाटेल. त्यांना माझे उत्तर सरळ आहे. २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद पडली, तेव्हा कित्येक श्रमिक कुटुंबांनी हप्त्यावर, प्रसंगी दागिना गहाण ठेवून, मुलांसाठी लॅपटॉप घेतले. आज ते शिक्षणाचे आणि पोटापाण्याचे साधन झाले आहे. हे साधन पुष्कळदा निकामी होते ते आतील यंत्र बिघडून नव्हे, तर पडदा आणि बैठक यांना जोडणारी बोटभर लांबीची बिजागरी उखडून. सेवाकेंद्रात नेले की ठरलेले उत्तर मिळते : हे बाह्य आघाताने झालेले नुकसान आहे, हमीत बसत नाही. म्हणजे दोष वापरणाऱ्याचा! हे उत्तर खोटे आहे, आणि ते खोटे का, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

दाराची बिजागरी मोकळी फिरते. लॅपटॉपची तशी फिरून चालत नाही, कारण पडदा हव्या त्या कोनात स्थिर राहावा लागतो. म्हणून पोलादी दांड्याभोवती पोलादी पट्टी घट्ट वळवतात, किंवा दांड्यावर वॉशरांची चळत बसवून नटाने आवळतात आणि मध्ये वंगण घालतात. घर्षणाचा हा रोध पडद्याचे वजन तोलून धरतो. आता साधा हिशेब करू. पडदा अर्ध्या किलोचा आणि त्याच्या वजनाचा मध्य बिजागरीपासून १० सेंटीमीटरवर आहे असे धरले, तर पडदा आडवा असताना बिजागरीपासून १ सेंटीमीटरवर असलेल्या स्क्रूवर ५ किलोचा भार येतो. दोन बिजागऱ्यांत वाटला तरी प्रत्येकीच्या वाट्याला अडीच किलो. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडले की तो बव्हंशी एकाच बाजूवर पडतो, आणि वंगण सुकले की आणखी वाढतो. दिवसाला १० वेळा उघडझाप धरली तर ५ वर्षांत ही ओढ १८,२५० वेळा बसते. शाळेत शिकवले जाणारे हे तरफेचे गणित कंपन्यांच्या अभियंत्यांना ठाऊक नसेल काय?

तरीही स्वस्त यंत्रांत हा भार कोणावर टाकला जातो? प्लॅस्टिकच्या खुंटावर. त्या खुंटात एक चिमुकला पितळी नट तापवून बसवतात आणि बिजागरीचा स्क्रू त्यात पिळतात. पोलादाला काही होत नाही. फुटतो तो प्लॅस्टिकचा खुंट. उपाय गूढ नाही. बिजागरीचा पाया लांबवून स्क्रू ३ सेंटीमीटरवर नेला तर त्यावरील भार एकतृतीयांश होतो. स्क्रू धातूच्या चौकटीत बसवला तर खुंट फुटण्याचा प्रश्नच उरत नाही. आवळणीचा नट सहज हाती येईल असा ठेवला तर सुकून ताठरलेली बिजागरी कोणताही कारागीर सैल करू शकतो. यासाठी थोडा अधिक पत्रा, थोडे अधिक वजन आणि थोडी अधिक जाडी लागते, एवढेच.

इच्छा असली की मार्ग सापडतो, याचे पुरावे या कंपन्यांनीच दिले आहेत. एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगने सुमारे २ हजार डॉलर किमतीचा घडीचा फोन परीक्षकांच्या हाती दिला. २ लाख घड्या टिकेल असा दावा होता. काही दिवसांतच काहींचे पडदे बिघडले. जगभर बोभाटा होताच विक्री थांबली, बिजागरीच्या टोकांशी कचरा आत शिरू नये म्हणून झाकणे बसली, आणि सप्टेंबरमध्ये सुधारलेला फोन बाजारात आला. ॲपलच्या २०१६ सालच्या मॅकबुक प्रोमध्ये बिजागरीवरून वळणारी पडद्याची पट्टीसारखी तार उघडझापेने झिजू लागली. ती पडद्याशीच जोडलेली असल्यामुळे एका तारेपायी सबंध पडदा बदलावा लागे. २०१८ च्या यंत्रात हीच तार सुमारे २ मिलिमीटर लांब केलेली आढळली, आणि ग्राहकांच्या ओरडीनंतर मे २०१९ मध्ये कंपनीला १३ इंची यंत्रांसाठी मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली. श्रीमंत ग्राहकाच्या तक्रारीची दखल महिन्यांत घेतली जाते. हप्ते फेडणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्याच्या निष्काळजीपणाचा दाखला मिळतो.

यामागे कोणी बंद खोलीत कट रचतो असे मला म्हणावयाचे नाही. तसेही एकदा घडले आहे. १९२४ साली जिनिव्हात फीबस नावाची टोळी करून विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणले, आणि अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड ठेवला. आज अशा कराराची गरज उरलेली नाही. हमी सामान्यतः १ वर्षाची असते. त्यानंतरच्या मोडतोडीचा खर्च कंपनीच्या खात्यात येतच नाही, उलट नवी विक्री येते. जो खर्च दुसऱ्याच्या माथी मारता येतो तो वाचवण्यात भांडवलाला रस नसतो. प्लॅस्टिकचा तो खुंट या हिशेबातून जन्मला आहे.

आणि आपले सरकार काय करते? मे २०२३ मध्ये संगणक-उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. प्रोत्साहन मोजले जाते ते वाढीव विक्रीवर. म्हणजे माल लवकर मोडून पुन्हा विकला गेला, तरी जनतेच्या पैशातून बक्षीस! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने रचनेतील दोषाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरले खरे, पण उत्पादन-दायित्वाच्या त्या तरतुदींत ‘हानी’ या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचेच नुकसान वगळले आहे. बिजागरी तुटून बोट कापले तर त्या तरतुदी उपयोगी. लॅपटॉप मोडला तर नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ निघाले, मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवालही आला. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर असा निर्देशांक छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत घडीच्या फोनांची बिजागरी सुट्या भागांच्या यादीत नावानिशी आहे, आणि विक्री बंद झाल्यावरही ७ वर्षे ती पुरवणे बंधनकारक आहे. तेथील भांडवलदार दयाळू झाला म्हणून हे घडले नाही; ग्राहक आणि पर्यावरण चळवळींनी ते घडवून आणले.

किंमत वाढेल, हा नेहमीचा आक्षेप. वाढेल, थोडीशी. पण एका टिकाऊ यंत्राऐवजी दोन तकलादू यंत्रे घेणे गरिबाला स्वस्त पडते काय? आणि मोडलेल्याचे पुढे काय होते? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे ती त्यातील चौथ्या हिश्श्याहूनही कमी. उरलेल्याचा विषारी धूर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांतील मजुरांच्या फुप्फुसांत जातो. दुसरीकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर फुटलेल्या खुंटात इपॉक्सी भरून, आरपार भोक पाडून नट-बोल्ट आवळून तेच यंत्र पुन्हा चालते करतो. त्याच्याजवळ ना कंपनीचे नकाशे, ना सुटे भाग. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो यंत्र सामान्य माणसाच्या हाती राहावे म्हणून. या कारागिराचे ज्ञान त्याच परंपरेतले आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बिजागरी किती उघडझापांसाठी तपासली आहे, हे खोक्यावर छापलेच पाहिजे. बिजागरीची हमी ५ वर्षांची असावी. सुटे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिका कोणत्याही कारागिराला मिळाल्या पाहिजेत. सरकारी प्रोत्साहन आणि शाळांसाठीची सरकारी खरेदी या अटींशी बांधली जावी, आणि ‘हानी’ची व्याख्या दुरुस्त व्हावी. पण मागण्या छापून थांबणे पुरेसे नाही. समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागण्याची सोय कायद्यात आहे. प्रत्येक तालुक्यातील साथींनी महाविद्यालयांच्या दारात एक टेबल मांडावे, उखडलेल्या बिजागऱ्यांची बिलांसह नोंद करावी आणि एकाच बनावटीची प्रकरणे एकत्र करून जिल्हा ग्राहक आयोगापुढे न्यावीत. एकट्या विद्यार्थ्याला निष्काळजी ठरवणे सोपे आहे. एकाच जागी मोडलेले शंभर लॅपटॉप समोर ठेवले, तर निष्काळजी कोण हे कंपनीलाच सांगावे लागेल.