शटर ओढल्यानंतरचा हिशेब

संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान बंद करायचे ठरले की मालकाला बहुधा सर्वांत आधी भंगारवाला आठवतो. तो येतो, फळ्यांवरून नजर फिरवतो आणि सगळ्या मालाची उक्ती किंमत सांगतो. गाळ्याचे भाडे चालूच असते, घरमालकाने दिलेली मुदत संपत आलेली असते, म्हणून सौदा ठरतो. या घाईत दुकानदार स्वतःचे नुकसान करून घेतोच, शिवाय जे आपले नाही तेही विकून बसतो. म्हापसा असो, मडगाव असो वा फोंडा, या शेवटच्या व्यवहाराकडे कुणी गांभीर्याने पाहिलेले नाही.

हा धंदा का आटतो आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. अनेक नव्या लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच जोडून येते. ती बदलण्याचे कामच उरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा संपला आणि ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारी जुनी, पण चालू यंत्रे एकाएकी कमी मोलाची झाली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले खरे. पण सुटा भाग आणि तांत्रिक आकृत्या गल्लीतल्या कारागिराच्या हाती पोहोचल्याशिवाय त्या हक्काने त्याचे दुकान तगत नाही.

मग उरलेल्या मालाचे काय करावे? त्याचे तीन ढीग करणे हे पहिले काम.

पहिला ढीग विकण्याजोग्या वस्तूंचा. हॉट एअर गन, मल्टिमीटर, सोल्डरिंगची साधने यांना दुसरा कारागीर किंवा आयटीआयचा विद्यार्थी भंगारापेक्षा निश्चितच चांगला भाव देईल. सुट्या भागांचे भावही स्थिर नसतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरीच्या किमती जगभर चढल्या आणि खोक्यात पडून राहिलेल्या जुन्या रॅमलाही गिऱ्हाईक मिळू लागले. अशा वेळी सगळा माल किलोवर देणे म्हणजे वर्षानुवर्षांची पुंजी मातीमोल करणे होय.

दुसरा ढीग ग्राहकांच्या यंत्रांचा. दुरुस्तीला दिलेला संगणक न्यायला अनेकजण फिरकतच नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला आहे. परंतु ती विकण्याचा अधिकार हे कलम देत नाही. त्यामुळे मालकाला लेखी कळवणे आणि त्याची पोच जपून ठेवणे आवश्यक ठरते. त्याहून नाजूक प्रश्न हार्ड डिस्कचा. त्यांत कुणाच्या मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असतात, कुणाची बँकेची कागदपत्रे. फाइल ‘डिलीट’ केल्याने ती पुसली जात नाही. झटपट फॉरमॅटनेही नाही. जुन्या डिस्कवर संपूर्ण पुनर्लेखन करावे लागते, एसएसडीसाठी कंपनीचे साधन वापरावे लागते आणि बिघडलेली डिस्क मोडून टाकावी लागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याचा बडगा पुढे कुणावर कसाही पडो, ग्राहकाचा विश्वास त्याआधीपासूनचा आहे.

तिसरा ढीग निखळ कचऱ्याचा: जुने काचेचे मॉनिटर, जळलेले बोर्ड, यूपीएसच्या बॅटऱ्या. मॉनिटरच्या काचेत शिसे असते, बॅटरीत शिसे आणि आम्ल. भंगार अड्ड्यावर तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, तेव्हा हे विष आपल्याच वाड्यावस्तीच्या हवेत आणि विहिरीत उतरते. अड्ड्यांना लागणाऱ्या आगी गोव्याला नव्या नाहीत.

सरकारच्या दोन नजरांतील विसंगती येथेच दिसते. नियमित जीएसटी नोंदणी रद्द करणाऱ्या दुकानदाराला शिल्लक मालाचा हिशेब द्यावाच लागतो. त्या मालावर घेतलेले क्रेडिट किंवा त्यावरचा कर, यांतली जी रक्कम जास्त ती भरून, तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र सादर करायचे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांतून मात्र सूक्ष्म उद्योगांना वगळले आहे. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा आता अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल इतकी असल्याने गल्लीतले जवळजवळ प्रत्येक दुकान या सवलतीत बसते. सवलत म्हणून हे ठीक. पण जिथे बंधन नाही तिथे व्यवस्थाही उभी राहिली नाही. कर घेताना दिसणारे दुकान कचरा उचलताना दिसेनासे होते.

उपाय फार खर्चाचा नाही. पालिका आणि पंचायतींनी अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांना सोबत घेऊन ठरावीक दिवशी वजनाप्रमाणे दर देणारी ई-कचरा खरेदी ठेवावी आणि दिलेल्या मालाची पावती द्यावी. फुकट द्या म्हटले, तर माल भंगारवाल्याकडेच जाणार. त्यात दुकानदाराचा दोष नाही. व्यापार परवाना परत करतानाच या पावतीची विचारणा झाली, तर नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही.

तोवर दुकान बंद करणाऱ्याने एवढे तरी करावे: शेवटचा महिना ग्राहकांना कळवण्यासाठी आणि माल निवडण्यासाठी राखून ठेवावा. ज्या हातांनी इतकी वर्षे गावाची यंत्रे चालू ठेवली, त्या हातांना निरोपाच्या वेळी वजनकाट्यावर तोलले जाऊ नये.