चिल्ल्यातली बाळंतीण आणि दवाखाना



आपल्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस उंबरठा ओलांडू देत नाहीत. चिल्ल्याची ही रीत वाईट नाही. एरवी जिला उसंत नसते, तिला आराम आणि चार घास सुखाचे मिळतात. पण अंगावरून जास्त जाते, ताप चढतो, बाळ दूध ओढत नाही, तेव्हाही घरात कुणीतरी म्हणते, "चिल्ल्यात बाहेर कसं न्यायचं? दोन दिवस बघू."

हे दोन दिवस हाती नसतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव काही तासांत जीव घेतो. नवजात बाळांचे सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात.

आपल्या परभणी जिल्ह्यात वाटेवरच वेळ जातो. जिंतूरच्या डोंगराकडची किंवा पालम-गंगाखेडच्या आडबाजूची वस्ती असेल, तर पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून गाडी दारापर्यंत येत नाही. पुढे तालुक्याचे रुग्णालय, तिथून गरज पडली तर परभणी. त्यात घरचा माणूस ऊसतोडीला गेलेला, आणि सासूबाई म्हणतात, "त्याचा फोन येऊ दे." घरात घालवलेला तास रस्त्यावर भरून निघत नाही.

निफासात नमाज माफ आहे; दवाखाना मना केलेला नाही. योगायोग असा की सरकारची आशाताईही बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांपर्यंत येते: 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी. घरीच बाळंतपण झाले, तर पहिल्या दिवशीही. ही कल्पना महाराष्ट्रातच रुजली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. म्हणून आशाताईला दारातून परत पाठवू नका. बाळाचे वजन करू द्या.

बाळ दूध सोडते, अंग गार किंवा तापलेले लागते, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त होतो, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे पडतात. आईला खूप रक्त जाते, ताप येतो, स्रावाला दुर्गंधी येते, डोके फार दुखून अंधारी येते. यांतले एकही दिसले तर त्याच घटकेला 108ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे; आजारी बाळाचे उपचारही पहिल्या वर्षापर्यंत मोफत आहेत.

सासूबाईंना आणि घरच्या माणसांना एक विनंती. सातव्या महिन्यातच बसून ठरवा: गाडी कुणाची, पैसे कुठे ठेवले, सोबत कोण जाईल. आणि सुनेला आधीच सांगून ठेवा, "जीव घाबरला तर कुणाला विचारत बसू नकोस, निघ." चिल्ला आईच्या आणि बाळाच्या जिवासाठी आहे. जीव राहिला, तर उरलेले दिवस दवाखान्यातून आल्यावरही पुरे करता येतील, इन्शाअल्लाह.