आब्लाची वही

खरं सांगायचं तर मला कुत्र्यांची भीती वाटते. रात्री उशिरा ऑफिसमधून येताना बाईकच्या मागे चार कुत्री लागलेली ज्याने अनुभवली आहेत, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. गेल्या वर्षी आईला सोसायटीच्या गेटपाशीच कुत्रं चावलं. पाच इंजेक्शनं झाली. त्याच आठवड्यात 'भटकी कुत्री उचला' या अर्जावर सगळ्यात वरची सही माझी होती.

त्यामुळे कामासाठी इस्तंबूलला गेल्यावर मी रस्त्यावरची कुत्री सांभाळणाऱ्या एका बाईंना भेटायला जाईन, असं कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. पण शनिवार मोकळा होता आणि तिथला सहकारी म्हणाला, "माझ्या मावशीकडे चल." एमिनोन्यूहून फेरी पकडून आम्ही पलीकडे, आशियाच्या बाजूला कादिकोयला उतरलो. मावशी पन्नाशीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. तुर्कस्तानात मोठ्या बहिणीला 'आब्ला' म्हणतात, आपल्या ताईसारखं. मीही तेच म्हणू लागलो.

मला वाटलं होतं, आब्ला कुत्र्यांना मिठ्या मारत बसतील. तसलं काही नव्हतं. एका पिशवीत कोरडं खाणं, पाण्यासाठी अर्धे कापलेले प्लास्टिकचे कॅन आणि एक वही. वहीत रकाने आखलेले: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, गल्ली, लसीची तारीख, नसबंदी झाली की नाही. चक्क डेटाबेस! बिन-बिल्ल्याचं कुत्रं दिसलं की आधी पालिकेला फोन, मग खाणं. "नुसतं खायला घातल्याने माझं मन भरतं, गल्लीचा प्रश्न सुटत नाही," असं त्यांचं म्हणणं.

या शहराचा कुत्र्यांशी इतिहास मोठा आहे. 1910 मध्ये हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या सिव्रिआदा या ओसाड बेटावर सोडली, ती तिथे तहानभुकेने मेली. (आपणही काही मागे नाही. कुत्री मारण्यावरून मुंबईत 1832 मध्ये दंगल झाली होती!) 2004 च्या कायद्याने नसबंदी करा, लस द्या आणि जागेवर सोडा असं ठरवलं, पण अनेक पालिकांनी ते काम पुरेसं केलंच नाही. कुत्री वाढली, मुलांवर हल्ले झाले, लोक चिडले. शेवटी 2024 मध्ये कायदा बदलला आणि आता कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची असं ठरलं. तेव्हाचा सरकारी अंदाज 40 लाख कुत्र्यांचा आणि निवाऱ्यांतली जागा साधारण 1 लाख 5 हजार. हे गणित कुठल्या रिव्ह्यूत पास होईल, तुम्हीच सांगा.

वहीतल्या बऱ्याच ओळींवर रेघा मारलेल्या होत्या. मी विचारलं, "मेली?" आब्ला म्हणाल्या, "उचलली." पुढे काही बोलल्या नाहीत.

मला अवघडल्यासारखं झालं आणि का कोण जाणे, मी आईचं सांगून टाकलं. त्या कुत्र्याची बाजू घेतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी आईची चौकशी केली. चावरं कुत्रं गल्लीत नकोच, असंही म्हणाल्या. मग विचारलं, "त्या कुत्र्याला लस दिलेली होती का?"

मला माहीत नव्हतं. सोसायटीत कोणालाच माहीत नव्हतं. दोन गट होते, व्हॉट्सअॅपवर रोज भांडणं होती, पण वही एकाकडेही नव्हती.

आपल्याकडेही वेगळं काय चाललंय? नसबंदीचे नियम 2001 पासून आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने 11 तारखेला दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितली आणि 22 तारखेला, पिसाळलेली आणि चावरी वगळून बाकीची नसबंदी आणि लस देऊन जागेवर सोडा असं म्हटलं. दोन्ही वेळा एक गट नाचला, दुसरा रडला. माझं म्हणणं इतकंच, की निकाल कुठल्याही बाजूने लागो, नसबंदी आणि लस हे काम दोन्हीकडे आहेच. 70 टक्के कुत्र्यांना लस दिली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 70 टक्के काढायचे तर आधी एकूण किती ते मोजायला नको? पण मोजणं हे मेंटेनन्सचं काम. त्याला ना टाळ्या, ना लाइक्स. आपल्या धंद्यातही मेंटेनन्स प्रोजेक्ट कोणाला हवा असतो?

परत आल्यावर एका रविवारी सकाळी वॉचमनकाकांना बरोबर घेऊन (एकट्याने जायची हिंमत नाही अजून) गल्लीतली कुत्री मोजली. अकरा निघाली. नसबंदीची कानावरची खाच फक्त चौघांच्या. सात बाकी. अर्जावरची सही मी मागे घेतलेली नाही, पण खाली ही यादी जोडून तो पालिकेत पुन्हा दिलाय. गाडी पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले. बघू.

भीती? ती आहेच. असो.