वाळूच्या एकाच टेकडीवर

गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने कोळ्यास ‘किडा’ म्हटले आणि आम्ही त्यास लगेच अडविले. कीटकास पाय सहा, कोळ्यास आठ. कीटकाच्या मस्तकावर मिशा असतात, कोळ्यास त्या नसतात. मुलाने मान डोलाविली. परंतु आमचे उत्तर आम्हासच कोरडे वाटले. नुसते पाय मोजून का प्राणी कळतो? म्हणून, वाचकहो, आज आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिब वाळवंटातल्या दोन जीवांची हकीकत सांगतो.

तेथे समुद्रालगत वर्षाकाठी एक-दोन सेंटिमीटर पाऊस झाला तर झाला. मात्र थंडगार समुद्रावरून धुके येते. ओनिमॅक्रिस नावाचा एक काळा भुंगेरा एरवी दिवसा हिंडणारा. पण धुक्याच्या रात्री तो गारठलेल्या वाळूतून बाहेर पडतो, टेकडीचा माथा गाठतो आणि वाऱ्याकडे तोंड करून, डोके खाली व पाठ वर, असा निश्चल उभा राहतो. पाठीवर थेंब जमतात व ओघळत मुखात उतरतात. हॅमिल्टन व सीली या संशोधकांनी १९७६ साली हे प्रसिद्ध केले. एखादा भुंगेरा अशा वेळी आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पाणी पितो!

त्याच वाळवंटात, टेकड्यांच्या उतारावर, चक्र-कोळी राहतो. तो जाळे विणून बसत नाही. वाळूत बीळ खणून त्यास आतून रेशमाचे अस्तर देतो आणि रात्री शिकारीस निघतो. त्याची चिंता निराळी. एका जातीची गांधीलमाशी बीळ उकरीत येते. तिचा दंश झाला की कोळी जिवंतच पण लुळा पडतो, आणि त्याच्या अंगावर ती अंडे घालते. म्हणून तो बाहेर धाव घेतो, पाय आखडून कुशीवर पडतो व गाडीच्या चाकाप्रमाणे गडगडत खाली जातो, सेकंदास सुमारे एक मीटर या वेगाने. सपाटीवर मात्र ही विद्या निरुपयोगी.

आमचे मन भुंगेऱ्याकडे ओढ घेते, हे कबूल केले पाहिजे. त्याची गोष्ट प्रवचनात सोपी जाते. कोळ्याची तशी जात नाही. कारण ज्या सृष्टिकर्त्याने त्यास गडगडावयास शिकविले, त्यानेच त्या माशीस उकरावयास शिकविले, आणि तिच्या अळीसही अन्न हवेच आहे.

येत्या रविवारी त्या मुलास हे सारे सांगावयाचे आहे. तो माशीविषयीच विचारील, हे आम्ही जाणून आहोत.