बारशाची फिल्म वडिलांच्या प्लेअरवर

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वडील गावी एकटेच असतात, वय ऐंशीच्या पुढे. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर त्यांना काही दिसत नाही. पण घरचा डीव्हीडी प्लेअर मात्र ते स्वतः लावतात, रिमोटची बटणं पाठ आहेत. पणतीच्या बारशाची फिल्म हिनं कॉम्प्युटरवरून डिस्कवर घेऊन त्यांना पाठवली, तर प्लेअर ती वाचायलाच तयार नाही! दुकानात विचारलं, तर "जुना प्लेअर टाकून द्या, नवा टीव्ही घ्या" असा सल्ला मिळाला.

भगिनींनो, प्लेअर टाकायची अजिबात गरज नाही. तो बिघडलेला नाहीच मुळी. पणजोबांच्या हातचा मोडीतला कागद आपल्यापुढे ठेवला, तर भाषा आपलीच असून आपल्याला वाचता येत नाही ना? तसंच हे आहे. डीव्हीडी प्लेअर बाजारात आले १९९६ च्या सुमारास. त्यांना चित्र साठवण्याची एकच पद्धत मुख्यतः शिकवलेली, तिचं नाव एमपेग-२. आपले मोबाइल चित्र घेतात ते एच.२६४ नाहीतर एचईव्हीसी या पद्धतीनं. यातली पहिली आली २००३ साली आणि दुसरी २०१३ साली. बिचाऱ्या प्लेअरनं ती अक्षरं कधी पाहिलेलीच नाहीत. तेव्हा फाइल नुसती डिस्कवर ठेवून भागत नाही, ती प्लेअरच्या लिपीत उतरवून घ्यावी लागते.

फसगत नेमकी इथंच होते. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, ही डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? आपण अर्थातच दुसरा पर्याय निवडतो आणि निश्चिंत होतो. पण त्या पर्यायानं फाइल जशीच्या तशी डिस्कवर जाते, चित्राचं रूपांतर होत नाही. अशा डिस्कला डेटा डिस्क म्हणतात. आपल्याला हवी व्हिडिओ डीव्हीडी. ओळखायची खूण सोपी आहे. कॉम्प्युटरवर डिस्क उघडून पाहा. आत 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर दिसला आणि त्यात व्हीओबी, आयएफओ अशा शेपटाच्या फाइली असल्या, तर डिस्क खरी. नुसती एमपी४ फाइल दिसली, तर प्लेअर बहुधा नाहीच म्हणणार. (काही प्लेअरवर 'डिव्हएक्स' असं छापलेलं असतं. ते थोड्या निराळ्या फाइली वाचतात, पण मोबाइलच्या एमपी४ चा भरवसा त्यांच्यावरही धरू नये.)

विंडोज ७ मध्ये या कामासाठी 'डीव्हीडी मेकर' होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो काढून टाकला. आता 'डीव्हीडी स्टायलर' नावाचा प्रोग्रॅम घ्यावा. तो फुकट मिळतो आणि वापरायला किचकट नाही. हल्लीच्या लॅपटॉपना डिस्कचा कप्पाच नसतो, तेव्हा यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर लागेल. शेजारीपाजारी कुणाकडे असेल तर मागून आणा, वर्षातून एकदा लागणारी वस्तू आहे.

प्रोग्रॅम उघडला की आधी काही गोष्टी ठरवायच्या. डिस्क ४.७ जीबीची. टीव्हीची पद्धत 'पाल', कारण आपल्याकडे तीच चालत आली आहे. मोबाइल आडवा धरून घेतलेल्या फिल्मसाठी चौकट १६:९. मग फाइली ओढून आत टाकायच्या. सुरुवातीला दिसणारं पान, म्हणजे मेनू, करता येतो. पण वयस्कर माणसासाठी मी तर म्हणेन मेनूची हौस नकोच. डिस्क घातली की फिल्म आपोआप सुरू व्हावी. मेनू ठेवलाच, तर एक-दोनच मोठी बटणं ठेवा.

आता मापाचं. "माझी फाइल तर ५०० एमबीचीच आहे, डिस्कवर दहा मावतील!" असा हिशेब करू नका. एमपेग-२ ला जागा जास्त लागते, तेव्हा इथं फाइलचं वजन पाहायचं नाही, वेळ पाहायची. तासाभराची फिल्म एका डिस्कवर उत्तम बसते, दोन तासांची चांगली दिसते. त्यापुढे दाबून भरलं की चेहरे चौकोनी ठिपक्यांचे दिसू लागतात. तीन तासांचं लग्न असेल तर सरळ दोन डिस्क करा, सीमांतपूजन एकीवर नि वरात दुसरीवर.

रूपांतराला बराच वेळ लागतो. जुन्या कॉम्प्युटरवर फिल्मच्या लांबीपेक्षाही जास्त लागू शकतो. रात्री जेवणं झाल्यावर लावून द्यावं. कॉम्प्युटरवर दहा-बारा जीबी जागा मोकळी असावी, नाहीतर काम मधेच अडतं.

डिस्क एकदाच लिहिता येणारी घ्या. पुन्हा पुन्हा पुसता येणाऱ्या डिस्क काही जुन्या प्लेअरना झेपत नाहीत. 'डीव्हीडी-आर' आणि 'डीव्हीडी+आर' अशा दोन जाती मिळतात. फार जुना प्लेअर असेल तर वजावाली बरी. लिहिण्याचा वेग सर्वात जास्त ठेवू नका, चारपट किंवा आठपट पुरे. दुसरा कुठला प्रोग्रॅम वापरत असाल आणि त्यात 'फायनलाइज' असं विचारलं, तर हो म्हणा. त्यावाचून डिस्क बंद होत नाही आणि प्लेअर ती उघडत नाही.

तयार डिस्क कॉम्प्युटरवर चालली म्हणून समाधान मानू नका, कॉम्प्युटर सगळंच वाचतो. कुणाच्या तरी घरच्या प्लेअरवर लावून पाहा, तीही शेवटपर्यंत. बिघाड पुष्कळदा डिस्कच्या कडेकडच्या भागात, म्हणजे फिल्मच्या शेवटी निघतो. आणि मूळ फाइल पुसू नका हं! डीव्हीडीवरचं चित्र मोबाइलच्या चित्रापेक्षा बरंच कमी बारकाव्याचं असतं. पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचंच. डिस्क ही आजोबांसाठी, मूळ फाइल पणतीसाठी.

डिस्कवर नाव लिहायला डिस्कसाठी मिळणारं मऊ टोकाचं मार्करच घ्यावं, बॉलपेन नको. चिकटपट्टीचं लेबल लावू नये. ते सुटलं की डिस्क प्लेअरमध्येच अडकून बसते. डिस्क उभी, डबीत, उन्हापासून दूर ठेवा. टीव्हीवरच आडवी टाकली की ओरखडे पडलेच. दोन प्रती करा, एक गावी नि एक आपल्या कपाटात.